‘डेथ’ म्हणजे एकटा चक नव्हे

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत, इंदूरच्या मराठी गिटारवाल्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘फ्लोरिडाचा डेथ बँड म्हणजे एकटा चक शुल्डिनर, बाकीचे भाड्याचे वादक. डेथ मेटल हा रॉकचा अतिजहाल प्रकार त्यानंच 1987 मध्ये जन्माला घातलं. तसा आवाज हवा तर गिटारची जाड तार बी सुरापर्यंत उतरवा.’ चकबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

1987 चा मुद्दा लवकर मिटतो. ‘डेथ’चा पहिला अल्बम ‘स्क्रीम ब्लडी गोर’ त्या वर्षीचा, पण कॅलिफोर्नियाच्या ‘पझेस्ड’ या बँडचा ‘सेव्हन चर्चेस’ 1985 चा. त्यातल्या शेवटच्या गाण्याचं नावच ‘डेथ मेटल’. दोन्ही अल्बमांचा निर्माताही एकच, रँडी बर्न्स.

‘भाड्याचे वादक’ यात सुरुवातीपुरतं तथ्य आहे. पहिल्या अल्बमवर गिटार, बास, गायन सगळं चकचं, फक्त ड्रम क्रिस राइफर्टचे. ‘लेप्रसी’वर (1988) बाससाठी टेरी बटलरचं नाव छापलंय, वाजवला मात्र चकनं. पण 1990 मध्ये चकनं युरोप दौऱ्याला जायचं नाकारलं, तेव्हा बटलर आणि ड्रमर बिल अँड्र्यूज त्याच्याशिवाय, ‘डेथ’ याच नावानं तो दौरा करून आले. भाड्याचे वादक असं करतात का?

खरं उत्तर 1991 च्या ‘ह्यूमन’ अल्बममध्ये आहे. त्यावर वाजवणारे ‘सिनिक’ या बँडमधले गिटारवादक पॉल मॅस्विडल आणि ड्रमर शॉन राइनर्ट तेव्हा जेमतेम विशीचे. ‘स्पिरिच्युअल हीलिंग’वरचा (1990) अँड्र्यूजचा सरळ ठोका आणि राइनर्टचं जॅझमधून आलेलं झांजांचं बारीक काम लागोपाठ ऐका. गाणी चकचीच, पण बँड बदललेला कळतो. स्टीव्ह डिजॉर्जिओचा बास त्या मिक्समध्ये दबला, 2011 च्या रीमिक्समध्ये वर आला. 1993 च्या ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’वर त्याचा फ्रेटलेस (पट्ट्या नसलेला) बास आणि जीन हॉग्लनचे ड्रम काढून टाका, काय उरतं ते बघा.

आता गिटार. ‘डेथ’चं ट्यूनिंग फक्त एक पूर्ण सूर खाली: जाड तारेपासून डी, जी, सी, एफ, ए, डी. 10–46 चा (सर्वांत बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) संच चालतो. तोच संच बी पर्यंत उतरवला की तारा सैल पडतात, फ्रेटवर खरखरतात आणि पिक जोरात मारला की सूर आधी वर चढून मग खाली बसतो. चकच्या रिफमधला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यातला) प्रत्येक स्वर सुटा ऐकू यायला हवा, तोच इथे चिखलात जातो.

फ्लोटिंग ब्रिज (स्प्रिंगांवर तोललेला, हलणारा ब्रिज) असेल तर डी ला उतरवतानाही तो मागे बसतो, कारण तारांचा ताण कमी होतो आणि मागच्या स्प्रिंगांचा तेवढाच राहतो. मागची पट्टी उघडून स्प्रिंगांचे दोन्ही स्क्रू अर्धी-अर्धी फेरी सैल करा, प्रत्येक वेळी सहाही तारा पुन्हा लावा, ब्रिज समतल झाला की थांबा. बाराव्या फ्रेटवर सूर जुळतो का, हे त्यानंतरच तपासा. आधी तपासलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.