फॉरमॅट मारायच्या आधी कीबोर्ड तरी बघा!

शेजारच्या काकू बचत गटाचा हिशोब लॅपटॉपवर ठेवतात. सहा वर्षांची खाती, सगळी एक्सेलमध्ये. काल लॅपटॉप पासवर्ड घेईना म्हणून त्यांनी तो दुकानात नेला. तिथे पाचशे रुपये घेतले आणि थेट फॉरमॅट मारला, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकलं. आज हे कळल्यापासून संताप आवरत नाहीये. काकूंच्या डायरीत पासवर्ड लिहिलेला होता हो! तो कोणी मागितलासुद्धा नाही.

काकू मराठीत टाइप करतात. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा दिसते. तिथे मराठी राहिली असेल तर इंग्रजी पासवर्ड चालणारच नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की भाषा बदलते. चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून धरलं की काय उमटतंय ते दिसतं. कॅप्स लॉक आणि नम लॉकही बघायचं. मिनिटभराचं काम आहे.

खरंच विसरला असेल तरी वाटा आहेत. मायक्रोसॉफ्टचं ईमेलवालं खातं असेल तर पासवर्ड मोबाइलवरून बदलता येतो. फक्त नंतर लॉगिनच्या पडद्यावरूनच लॅपटॉप वायफायला जोडायचा, नाहीतर तो जुनाच पासवर्ड मागत बसतो. खातं फक्त त्या मशीनवरचं असेल तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की खाली रीसेटचा पर्याय येतो आणि तो तीन प्रश्न विचारतो. अर्थात ते प्रश्न आधी भरलेले हवेत.

तेही नाही? मग निदान डेटा काढून घ्या! 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) टाकायचं, इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन चालू करायचं आणि आपल्या फाइली असलेला यूजर्स फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचा. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करायचं, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे डिस्क अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्समध्ये जोडताना अडते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर मात्र 48 आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती नसेल तर त्या डिस्कमधून काहीही वाचता येत नाही.

दुकानात गर्दी असते, एवढं सगळं करायला वेळ जातो, मान्य. पण मग समोरच्या बाईला निदान विचारा, आत काय आहे म्हणून.

काकू स्वतःलाच दोष देतायत, ‘मलाच नीट सांगता आलं नाही’ म्हणतायत. काकू, चूक तुमची नाही. हार्ड डिस्क असती तर लगेच वापर थांबवून रिकव्हरी सॉफ्टवेअरने थोडंफार मिळालं असतं. त्यांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क आहे. तिच्यात पुसलेली जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे आतूनच रिकामी होते.

बँकेची पासबुकं आणि पावत्यांची फाइल घरी आहे. महिन्याचे हप्ते त्यावरून पुन्हा मांडता येतील. कोणाकडे कर्जाचं किती व्याज राहिलंय, ते फक्त त्या एक्सेलमध्ये होतं.