कबर की विहीर?

‘ननांच्या मठातलं भयाण सत्य’ हा मजकूर काल आत्याने पाठवला आणि लगेच फोन केला. वसईत तिच्या शेजारणीची मुलगी सिस्टर, म्हणजे नन, व्हायला निघालीय. आत्याचा जीव टांगणीला: “अगं, पोरीला स्वतःची कबर खणायला लावतात म्हणे!” मुळात ती मुलगी जातेय शाळा चालवणाऱ्या सिस्टरांकडे. मजकूर आहे सिस्टर्शियन संघाबद्दल, म्हणजे मठात राहणाऱ्या कॅथलिक साधू-नन्सच्या एका वेगळ्याच संघाबद्दल. पण फॉरवर्ड करताना एवढं कोण बघतंय?

‘प्रत्येक नन रोज आपल्या कबरीतली फावडंभर माती काढते.’ जरा हिशेब करा. विशीत आलेली बाई सत्तरीपर्यंत जगली तर १८,००० च्या वर फावडी. ती कबर कसली, विहीरच झाली, पाणीसुद्धा लागेल! थाप जुनी आहे, सिस्टर्शियनांच्याच कडक शाखेबद्दलची, म्हणजे ट्रॅपिस्टांबद्दलची. १९१२ सालच्या कॅथलिक ज्ञानकोशाने ती तेव्हाच खोडून काढली: कबर खणतात ती कुणी गेल्यावर. भेटल्यावर ‘मरण आठव’ म्हणतात हीसुद्धा बंडलच. नुसती मान लववतात.

‘मरेपर्यंत मौनाची शपथ.’ हा संघ संत बेनेडिक्टच्या नियमावर, म्हणजे मठात कसं राहायचं ते सांगणाऱ्या त्याच्या पुस्तकावर चालतो. त्याच्या ५८व्या प्रकरणात व्रतं तीन: त्याच मठात राहणं, जीवन पालटणं, आज्ञा पाळणं. मौनाची शपथ कुठेच नाही. बोलणं कमी, रात्री तर बंदच, आणि पूर्वी खुणांनी काम भागवत, एवढं खरं.

‘बसून खातात.’ अमेरिकेतल्या रेंथमच्या नन्स कँडी बनवून विकतात, आयर्लंडमध्ये ग्लेनकेर्नच्या नन्स मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, पातळ भाकरी भाजतात. पुढे.

‘आत गेली की सुटका नाही.’ इथे थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. कॅथरिना फॉन बोराला घरच्यांनी लहानपणीच मठात घातलं होतं. १५२३ मध्ये जर्मनीतल्या निम्बशेनच्या सिस्टर्शियन मठातून तिला आणि तिच्या सोबतिणींना एका हेरिंग मासळीच्या व्यापाऱ्याच्या गाडीतून चोरून पळावं लागलं. दोन वर्षांनी तिने प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरशी लग्न केलं. पण त्याच ५८व्या प्रकरणात लिहिलंय की नवख्या व्यक्तीला वर्षभरात तीनदा नियम वाचून दाखवायचा आणि सांगायचं: जमत असेल तर आत ये, नसेल तर खुशाल जा. आणि आज तर १८ वर्षं पुरी झाल्याशिवाय पहिली व्रतंसुद्धा घेता येत नाहीत.

हे सगळं आत्याला सांगितलं. तोवर तिने तो मजकूर मुलीच्या आईला पाठवून दिला होता.