काहीतरी झालंय

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की मुकाट्याने विझतात. शाळेतल्या हजेरीसारखंच. हजेरी झाल्यावरही जो उभाच राहतो, तो त्रास देणार.

लाल दिव्यांशी माझं भांडण नाही. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. थर्मामीटर लाल झाला म्हणजे इंजिन तापलं. थांबा, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका. सरळ बोलणारी मंडळी! छळवादी तो पिवळा, इंजिनाच्या चित्राचा. त्याचं म्हणणं एवढंच, की काहीतरी झालंय. काय ते विचारायचं नाही.

आमच्याकडे तो लागला सायनच्या सिग्नलला, भर जुलैत, मागे बेस्टची बस हॉर्न देत असताना. आधी स्थिर होता. गांधी मार्केटपाशी लुकलुकायला लागला आणि गाडी आचके द्यायला लागली. स्थिर पिवळा म्हणजे सावकाश गॅरेज गाठा. लुकलुकणारा म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतंय. तो बदलायचा खर्च ऐकला की माणूस लोकलचा पास काढतो. घर जवळच होतं, रांगत पोचलो.

मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडणं म्हणजे जाहीर सभा बोलावणं. सेक्रेटरीकाका आधी आले. "इथेनॉल हो! वीस टक्के घालतात पेट्रोलात. सगळ्यांच्या गाड्या बसणार." काकांची स्वतःची स्कूटर बॅटरीवर चालते. तळमजल्यावरच्या काकूंनी खिडकीतूनच निकाल दिला, "पाणी शिरलं असणार." वॉचमन म्हणाला, "बॅटरी." लिफ्ट बंद पडली तेव्हाही तो हेच म्हणाला होता. बायकोने विचारलं, "टाकीचं झाकण नीट लावलंस ना?" सगळे हसले. पण झाकण सैल राहिलं तर काही गाड्यांत हा दिवा खरंच लागतो, त्यामुळे त्यातल्या त्यात शहाणा प्रश्न तिचाच.

मग भाचा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन आला. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो खुपसला. मोबाइलवर उमटलं : पी०३००. एका ठरावीक सिलिंडरची तक्रार असती तर पी०३०१, पी०३०२ असा नंबर आला असता. ३०० म्हणजे मिसफायर होतंय, पण अमुकच सिलिंडरमध्ये असं नाही. दिवा म्हणत होता काहीतरी झालंय. यंत्र म्हणालं कुठेतरी झालंय. प्रगती म्हणायची!

सकाळी मेकॅनिक आला. मोबाइलकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तोंडात टॉर्च धरून इंजिनावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, भाडेकरू ठेवलाय काय?" ठिणगीसाठी वीज देणाऱ्या दोन इग्निशन कॉइलच्या वायरी तांबं दिसेपर्यंत कुरतडलेल्या होत्या, कधी चिकटायच्या, कधी सुटायच्या. त्याने त्या जोडल्या, टेप गुंडाळली, कोड पुसला आणि बॉनेटमध्ये तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधली. "याने उंदीर जातात असं नाही," तो म्हणाला, "पण गिऱ्हाईकाला बरं वाटतं."

कोपऱ्यात घरटंही निघालं. चिंध्या, स्पंज आणि ओळखीचा एक कागद. वर सोसायटीचं लेटरहेड, खाली अर्धी सही, मधे 'उंदरांचा बंदोबस्त : सर्व सभासदांनी सहका'. सेक्रेटरीकाकांनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"बघा," ते म्हणाले, "नोटीस वेळेवर लावली होती."