‘तिच्या आवडीच्या जागीच ती गेली’ ही ओळ मी खोडली आहे

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायला बसले नाही, कारण पहिल्या वाचनात ती मनाला लागली होती. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन ओळींपाशी थांबले. पायाला स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, बांधून उड्या घेणारी कॅनडाची खेळाडू सारा बर्क, तिच्यावरचा माझा लेख तुमच्या मुलीने वाचला आणि आता प्रस्तरारोहणाच्या शिबिराला जायचंच म्हणून ती हट्टाला पेटली आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथे तुमचा राग कुठून आला ते कळलं. एका बापाचा राग आहे तो, आणि तो तसाच धरून मी हे लिहिते आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादांचं म्हणणं असं, की एका जीवघेण्या कसरतीला मी थोरपण चिकटवलं. कड्याच्या टोकावर फोटो काढताना खाली जाणारी पोरं आणि ही मुलगी यांत फरक काय? ऑलिंपिकमध्ये ती उतरलीसुद्धा नाही, मग तिचा वारसा कसला? कंपनीने भरवलेल्या सरावात जीव गेला आणि दवाखान्यासाठी लोकांकडून वर्गणी काढावी लागली. आणि एवढं सगळं असताना मी लिहिलं, की ‘तिच्या आवडीच्या जागीच ती गेली’.

शेवटापासूनच सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं साफ चुकलं. सारा तिच्या आवडीच्या जागी गेली नाही. १० जानेवारी २०१२ ला अमेरिकेत यूटा राज्यातल्या पार्क सिटीच्या हाफपाइपमध्ये, म्हणजे उड्यांसाठी बर्फात कोरलेल्या पन्हळीत, सराव करताना ती पडली. बघणाऱ्यांना तो फार भयंकर अपघात वाटलाही नव्हता. उडी पूर्ण करून ती स्कीवर उतरली, तोल गेला आणि ती आदळली. डोक्यावर हेल्मेट होतं. पण मानेतून मेंदूला रक्त नेणारी एक धमनी फाटली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि तिथेच तिचं हृदय थांबलं. जागेवरच छाती दाबून तिला परत आणलं, हेलिकॉप्टरने सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयात नेलं, दुसऱ्या दिवशी धमनीची शस्त्रक्रियाही झाली. ती यशस्वी झाली, पण मधल्या वेळात मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता आणि ते नुकसान भरून निघणारं नव्हतं. १९ जानेवारीला ती गेली. वय २९. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. तिची इच्छा होती म्हणून घरच्यांनी अवयवदान केलं.

म्हणजे ती गेली ती अतिदक्षता विभागात, नवव्या दिवशी, नळ्या लावलेल्या अवस्थेत. त्या खोलीबाहेर तिचा नवरा आणि आईवडील नऊ दिवस बसून होते, आणि मी लिहिताना ते नऊ दिवस एका गोड वाक्याखाली झाकून टाकले. वाक्य कानाला बरं वाटलं म्हणून लिहिलं गेलं. ते काढलं आहे आणि त्या जागी वरच्या तारखा घातल्या आहेत.

आता तुमच्या ‘फरक काय’ या प्रश्नाकडे. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

हाफपाइप म्हणजे उतारावर बर्फात कोरलेली प्रचंड पन्हळ समजा. दोन्ही बाजूंच्या भिंती २२ फुटांच्या, म्हणजे दोन मजली घराएवढ्या. स्कीअर एका भिंतीवरून वेगाने वर चढतो, काठाच्या वर हवेत जातो, गिरकी घेतो, त्याच भिंतीच्या उतारावर उतरतो आणि समोरच्या भिंतीकडे सुटतो. खाली पोहोचेपर्यंत असं पाच-सहा वेळा. उतरायचं असतं ते भिंतीच्या तिरक्या भागावर. जरा आत उतरलात तर तळ सपाट लागतो आणि सगळा मार गुडघ्यांवर, पाठीवर येतो. हा बर्फ भुसभुशीत नसतो, यंत्राने दाबून घट्ट केलेला असतो. इथे हवेत तीन पूर्ण गिरक्या घेणं म्हणजे ‘१०८०’, तीन गुणिले ३६०. स्पर्धेत ही उडी जमवणारी सारा ही जगातली पहिली स्त्री. त्याआधी ७२० आणि ९०० सुद्धा बायकांमध्ये पहिल्यांदा तिनेच केल्या होत्या. दोन गिरक्यांच्या अडीच, अडीचच्या तीन, असा तो प्रवास आहे. कड्यावर फोटो काढणारं पोर त्या जागी आयुष्यात पहिल्यांदा उभं असतं. ही मुलगी एकेक अर्धी गिरकी वाढवण्यासाठी काही हजार वेळा त्या काठावर गेली असेल.

पण कौशल्य हा माझा खरा मुद्दा नाही. ते पुष्कळांकडे असतं. लेखात मी तिची पदकं मोजत बसले आणि जे सांगायचं ते राहून गेलं, म्हणून आता सांगते.

सारा १९८२ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात जन्मली आणि तिथल्याच मिडलंड नावाच्या छोट्या गावात वाढली. सुरुवात मोगल्सपासून, म्हणजे उंचवट्यांच्या उतारावरून झपाझप खाली येण्याच्या प्रकारापासून. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅनडातल्या काही मोगल्सवाल्या पोरांनी नियमांना कंटाळून स्नोबोर्डवाल्यांच्या, म्हणजे एकाच फळीवर उभं राहून घसरणाऱ्यांच्या, पाइपमध्ये घुसायला सुरुवात केली. दोन्ही टोकं वर वळलेली स्की आली, त्यामुळे उलट्या दिशेनेही उतरता येऊ लागलं आणि एक नवाच खेळ जन्माला आला. (त्यातल्या पहिल्या गाजलेल्या स्कीचं नावच ‘१०८०’ होतं. हा योगायोग मला फार आवडतो.) खेळ नवा, पण मुलींना जागा नाही. त्यांच्यासाठी वेगळी स्पर्धा नाही, कारण मुली नाहीत. आणि मुली नाहीत, कारण स्पर्धा नाही. सारा मुलांच्या स्पर्धेत नाव द्यायची. आयोजकांच्या मागे लागायची, की बायकांचा गट ठेवा. २००५ मध्ये विंटर एक्स गेम्समध्ये, म्हणजे बर्फावरच्या अशा साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेत, बायकांचा हाफपाइप आला. त्याच वर्षी फिनलंडमध्ये रूका इथे जागतिक अजिंक्यपदात हाफपाइप पहिल्यांदा घेतला गेला आणि बायकांचं पहिलं सुवर्ण तिला मिळालं. पुढे एक्स गेम्सची चार सुवर्णं: २००७, २००८, २००९ आणि २०११. स्लोपस्टाइल, म्हणजे उतारावरच्या अडथळ्यांवरून उड्या घेत खाली येण्याचा दुसरा प्रकार, तोही बायकांना मिळावा म्हणून ती भांडली, आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या अॅस्पेनला त्याच प्रकारात पडून तिच्या पाठीचा मणका मोडला. त्यातून उठून ती परत आली.

दादा, मला यातली एकच गोष्ट फार मोठी वाटते. जिथे आपण एकटेच पहिले आहोत तिथे बहुतेक माणसं आणखी कोणी येऊ नये असंच बघतात. हिने उलट केलं. कॅनडातल्या व्हिस्लरला उन्हाळ्यात हिमनदीवर शिबिरं चालायची, तिथे ती शिकवायची. आपल्याला हरवू शकतील अशा मुली ती स्वतः घडवत होती. फ्रान्सची मारी मार्तिनो खेळ सोडून गेली होती, तिला मुलगी झाली होती. हाफपाइप ऑलिंपिकमध्ये येतोय म्हटल्यावर साराने तिला गळ घातली, की परत ये. हाफपाइपला मान्यता मिळाली एप्रिल २०११ मध्ये. त्यासाठी बरेच लोक झटले होते आणि मूळ लेखात मी सगळं श्रेय एकट्या साराला देऊन टाकलं, तेही तुम्ही बरोबर पकडलंत. मान्यतेनंतर नऊ महिन्यांनी सारा गेली.

ती ऑलिंपिकमध्ये उतरली नाही हे खरं. पण २० फेब्रुवारी २०१४ च्या रात्री रशियात सोचीजवळच्या रोझा खुतोरला बायकांच्या हाफपाइपची पहिली ऑलिंपिक अंतिम फेरी झाली, तिथे काय झालं ते बघा. सुवर्ण अमेरिकेच्या मॅडी बोमनला, रौप्य त्याच मारी मार्तिनोला, कांस्य जपानच्या आयाना ओनोझुकाला. कॅनडाची रोझालिंड ग्रोनवाउड दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दोनेक महिन्यांतच उतरली होती, सातवी आली. ही तीच, जिने सारा गेल्यानंतर दीड आठवड्याच्या आत एक्स गेम्सचं सुवर्ण जिंकलं होतं. हेल्मेटवर साराच्या नावाचा स्टिकर लावायला ऑलिंपिक समितीने परवानगी दिली नव्हती. तर पाइप सारखा करणारे कामगार, जे उतरत उतरत बर्फ घासत जातात, ते त्या संध्याकाळी बदामाच्या आकारात रांग धरून खाली आले. त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. कॅनडाच्या प्रशिक्षकाने तिची थोडी रक्षा सोबत नेली होती, ती त्याने तिथे विसर्जित केली. तिचे आईवडील आणि नवरा प्रेक्षकांत होते.

मारी मार्तिनोने चार वर्षांनी दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये पुन्हा रौप्य घेतलं, वयाच्या ३३ व्या वर्षी. तिथलं सुवर्ण कॅनडाच्या कॅसी शार्पचं. साराच्या नावावर ऑलिंपिकचं पदक नाही, दादा. पण ही पदकं ज्या दारातून आली ते दार उघडं राहावं म्हणून कोण पाय घालून उभं होतं, हे त्या मुलींना विचारा. याला मी वारसा म्हणते आणि तो शब्द मी मागे घेणार नाही.

राहिला वर्गणीचा मुद्दा. यावर लेखात मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं, आणि खरं तर त्यावर जास्त लिहायला हवं होतं. तो सराव एका प्रायोजक कंपनीने भरवलेला खासगी कार्यक्रम होता. कॅनडाच्या संघटनेचा विमा संघटनेच्या स्वतःच्या कार्यक्रमांपुरता होता, त्यामुळे तो लागू झाला नाही. सारा कॅनडाची, जिथे दवाखान्यात बिल हातात पडत नाही. पडली अमेरिकेत, जिथे अतिदक्षतेचे नऊ दिवस माणसाला कर्जात बुडवू शकतात. मग इंटरनेटवर आवाहन झालं आणि अनोळखी लोकांनी तीन लाखांहून अधिक डॉलर जमवले. पुढे तिच्या नावाने फाउंडेशन उभं राहिलं, ते तरुण खेळाडूंना शिष्यवृत्त्या देतं.

यात तुम्हाला तिचा बेजबाबदारपणा दिसतो. मला दिसते ती व्यवस्था, जी खेळाडूच्या छातीवर आपलं नाव छापते पण खेळाडू पडल्यावर बिल कुणी भरायचं हे आधी लिहून ठेवत नाही. त्याआधी दोनच वर्षं, २००९ च्या ३१ डिसेंबरला, त्याच पार्क सिटीत केव्हिन पिअर्स हा स्नोबोर्डर डोक्यावर पडून मरता मरता वाचला होता. म्हणजे धोका कुणाला माहीत नव्हता असं नाही. तुमचा राग मला पटतो. तो एकोणतीस वर्षांच्या मुलीवर निघावा हे पटत नाही.

आणि तुमच्या मुलीबद्दल. तिला पाठवा किंवा पाठवू नका, हे सांगणारी मी कोण? पण शिबिरवाल्यांना फोन कराल तेव्हा हे विचारा. विमा आहे का, कुणाच्या नावाने, आणि त्यात प्रस्तरारोहण हा शब्द लिहिलेला आहे का. त्याचा कागद मागा, तोंडी ‘हो हो, आहे’ चालवून घेऊ नका. दोर सांभाळायला शिकाऊ मुलं उभी करतात की अनुभवी माणूस. हेल्मेट प्रत्येकाला आहे की पाळीपाळीने. प्रथमोपचार येणारी व्यक्ती कड्यापाशी असते की खाली तंबूत. स्ट्रेचर आहे का, गाडी कुठपर्यंत येते, आणि तिथून सर्वांत जवळचं मोठं रुग्णालय किती वेळावर आहे. जो या प्रश्नांवर वैतागेल त्याच्याकडे पाठवू नका. जो शांतपणे उत्तरं देईल त्याला भेटायला मुलीला घेऊन जा आणि हे प्रश्न तिलाच विचारू द्या.

ती काय म्हणाली ते इथे लिहिलंत तर मला वाचायला आवडेल.