रॅम मोकळी ठेवायला घेतलेली नसते

जुन्या कॉम्प्युटरबद्दलचा एक फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. 'नवी रॅम टाकल्यावर या चार गोष्टी केल्या नाहीत तर पैसे वाया' अशी सुरुवात. पुढे सल्ले: विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत 'मॅक्झिमम मेमरी'ला टिक करा, पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) बंद करा, रॅम मोकळी करून देणारा प्रोग्राम म्हणजे रॅम क्लीनर टाका आणि रॅमचा वापर निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. चारही चुकीचे. पहिला तर चक्क उलटा.

'मॅक्झिमम मेमरी' म्हणजे 'असेल तेवढी सगळी वापर' नव्हे, 'याच्या पुढे जाऊ नकोस'. कमी मेमरीवर प्रोग्राम कसा चालतो हे तपासणाऱ्यांसाठी ती सोय आहे. एका मित्राच्या मशीनमध्ये ४ जीबीची ८ जीबी केली, तरी ते रडतखडतच चाललं होतं. कोण किती मेमरी खातंय ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'समोर, म्हणजे विंडोजला वापरता न येणाऱ्या रॅमसमोर, ४ जीबीहून मोठा आकडा. रॅमच्या स्टिक काढून पुसल्या, स्लॉट बदलून पाहिले. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) मात्र ८ जीबी व्यवस्थित दिसत होती. शेवटी एमएसकॉन्फिगमधलं बूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडलं, तर तिथे ४०९६ वर टिक! रॅम ४ जीबी होती तेव्हा असलंच काहीतरी वाचून त्यानेच केलेली. टिक काढली, रीस्टार्ट केलं, आठच्या आठ हजर.

टिक नसूनही रॅम कमी दिसत असेल तर विंडोज ३२ बिटची आहे का बघा. घरगुती ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही, आणि त्यातलीही साधारण ३ ते ३.५ जीबीच हाती लागते. तिथे नवी स्टिक नुसती बसून राहणार.

पेजफाइलचं म्हणणं ऐकायला पटतं: रॅम भरपूर झाली, मग डिस्कवरची मेमरी हवी कशाला? पण प्रोग्रामना मेमरी कबूल करताना विंडोज रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज धरते. ब्राउझरसारखे प्रोग्राम मागून ठेवतात भरपूर, वापरतात त्यातलं थोडं. पेजफाइल असली की ही न वापरलेली मागणी डिस्कला हातही न लावता तिच्या खात्यावर मांडता येते. बंद केलीत तर तेवढी रॅम नुसत्या कबुलीपोटी अडकते. मग रॅम मोकळी दिसत असताना मेमरी संपल्याचा इशारा येतो आणि माणूस चक्रावतो. टास्क मॅनेजरमध्ये 'कमिटेड'खाली दोन आकडे असतात: कबूल केलेली मेमरी आणि तिची मर्यादा. पहिला दुसऱ्याला टेकायला आला की समजा, रॅम नाही, ही मर्यादा संपतेय. पेजफाइलचा आकार विंडोजलाच ठरवू द्या.

रॅम क्लीनर आणि 'निम्म्याच्या वर नको' हा 'मोकळी रॅम बरी' या एकाच गैरसमजाचा दोनदा केलेला प्रसाद. क्लीनर चालू प्रोग्रामची पानं, म्हणजे मेमरीतले तुकडे, त्यांच्याकडून काढून घेतो, आकडा झपकन खाली येतो, बघणारा खूश. मग मिनिमाइझ केलेली विंडो उघडा: पानं परत गोळा करावी लागतात, त्यातली काही थेट डिस्कवरून, आणि जुनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागते. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून विंडोज नेहमीचे प्रोग्राम रिकाम्या रॅममध्ये आधीच आणून ठेवते. 'कॅश्ड'चा आकडा मोठा दिसतो तो त्यामुळेही. कोणाला जागा लागली की ती लगेच सोडली जाते. लिनक्सवाल्यांनीही 'फ्री' कमांडमध्ये 'फ्री' नावाचाच रकाना बघून घाबरू नये, 'अव्हेलेबल' बघावा.

कामाची एक गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये नाहीच. ड्युअल चॅनेलच्या, म्हणजे रॅमशी एकदम दोन वाटांनी बोलणाऱ्या, बोर्डवर एका मोठ्या स्टिकपेक्षा सारख्या दोन, योग्य स्लॉटमध्ये, सहसा जास्त वेग देतात, आणि बोर्डवरचंच ग्राफिक्स वापरणाऱ्याला हा फरक जास्त जाणवतो.

एवढं करूनही मशीन अडखळत असेल तर ते अडखळत असतानाच विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडा. मेमरीच्या टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' (रॅममध्ये नसलेलं पान डिस्कवरून आणावं लागण्याच्या खेपा) शून्याच्या आसपास आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क मात्र १०० टक्क्यांवर असेल, तर आणखी रॅम घेऊ नका. एसएसडी घ्या.