पंच चुकलाच होता, पण ओरडलो मी

लई दिवसांपासून लिहायचं होतं, लाज वाटत होती म्हणून राहून जात होतं. पोस्ट मोठी झालीये, चहा घेऊन बसा.

मागच्या सीझनला माझ्या पोराची शालेय कुस्ती होती, १४ वर्षाखालील, ४१ किलो, मनपा लेव्हल. नाशिकला पंचवटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दोन मॅट टाकलेल्या, बाहेर पाऊस, आत पोरं, पोरांचे सर, आई-बाप, मामा, काका आणि घामाचा असा वास की डोळे चुरचुरत होते. सकाळी वजनाला गेलो तर तिथेच पहिलं भांडण चालू, कोणाचं तरी पोरगं शंभर-दीडशे ग्रॅम जास्त भरलेलं आणि बाप म्हणतोय सोडा ना सर, एवढ्याने काय होतं. काट्यावरचे सर शांतपणे म्हणाले, अहो पॅरिस ऑलिम्पिकला विनेश फोगाटला शंभर ग्रॅमला नाही सोडलं, मी कोण सोडणार. मी पण हसलो तेव्हा. पुढे दोन तासांनी माझाच तमाशा होणार होता ते काय माहीत.

तर कुस्ती. शेवटची चाळीस-पंचेचाळीस सेकंद राहिलेली, आमचं पोरगं ३-४ ने मागे. मॅटच्या कडेला त्याने दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरले, समोरचा खाली बसला, याने मागे जाऊन ताबा घेतला आणि मग दोघं घसरत बाहेर गेले. ताब्याचे दोन गुण. पंचाने बोट दाखवलं एकच, म्हणजे त्यांच्या हिशोबाने समोरचा नुसता बाहेर गेला. झालं ४-४. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मॅटवर ४-४ म्हणजे बरोबरी नसते, कोणी मोठे गुण जास्त घेतले ते आधी बघतात, आणि समोरच्याने दोन-दोनचे दोन ताबे घेतलेले, आमच्याकडे दोनचा एकच आणि बाकी एक-एक. म्हणजे ४-४ ला पण आम्ही हरतच होतो, आणि बरोबर गुण दिला असता तर ५-४ ने पुढे होतो.

मी सुटलो. ओ पंच, डोळे फुटले का, दोन आहेत दोन! यापुढचं इथे लिहिण्यासारखं नाही, त्यात त्यांच्या शाळेचा पण उद्धार केला. आणि बूट घालून एक पाय मॅटवर टाकला. मी, ज्याने लहानपणी भगूरच्या आणि सिन्नरकडच्या हगाम्यांत, म्हणजे गावच्या मातीतल्या कुस्त्यांत, मातीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय आखाड्यात पाय ठेवला नाही, तो मी बुटासकट मॅटवर.

तेवढ्यात समोरच्या पोराने पट काढला, दोन गुण. ६-४. शिट्टी.

रात्री मेव्हण्याने काढलेला व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. दोनच होते. ताबा आत झालेला, बाहेर नंतर गेले. खरं सांगतो, मला आनंद झाला, बायकोला बोलावून दाखवलं की बघ मी उगाच ओरडलो नव्हतो. पोरगं शेजारी बसून जेवत होतं. ते म्हणालं, पप्पा पुढचं पण लावा ना. पुढचं लावलं. त्यात माझा आवाज आहे, मोठ्ठा, आणि पोरगं मॅटवर उभं राहून माझ्याकडे बघतंय, आणि ते माझ्याकडे बघत असताना समोरचा त्याच्या पायात शिरतोय.

एक गुण पंचाने घालवला, दोन मी.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. आपल्याकडे पंचाचा मान ठेवा असं कोणी म्हणलं की लगेच पुढचं वाक्य येतं, पंच म्हणजे देव, पंचाचा निर्णय अंतिम. आणि मग एखाद्या बापाकडे माझ्यासारखा व्हिडिओ असला की त्याला वाटतं देव खोटा ठरला, आता शिव्या द्यायला लायसन मिळालं. माझं म्हणणं असं आहे की पंच चुकणार हे धरूनच चाला. चुकणार, रोज चुकणार. मी अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर जॉब म्हणजे तयार पार्ट चेक करून लाल मार्क मारायचं काम, माझ्याकडे व्हर्नियर आहे, गेज आहे, उजेड आहे, जॉब हलत नाही, तरी महिन्यात एखादा चुकीचा जॉब पास होतोच माझ्या हातून. आणि इथे दोन पोरं साबणासारखी घसरतायत, पंचाला अर्ध्या सेकंदात सांगायचंय की गुडघा आधी टेकला का पाय आधी बाहेर गेला. प्रॉडक्शनवाला माझ्यावर ओरडला तर मी एचआरला जातो. पंच कुठे जाणार?

आता त्या दिवशी हॉलमध्ये काय होतं ते बघा. नियमाप्रमाणे एका मॅटला तिघं लागतात, मॅटवर एक, ज्याच्या एका हाताला लाल आणि एका हाताला निळी पट्टी असते तो, समोर बसलेला जज, आणि टेबलावर मॅट चेअरमन. तिघांपैकी दोघांचं एक झालं की गुण. म्हणजे ज्यांनी नियम बनवले त्यांनाच माहीत होतं की एका माणसाच्या डोळ्याला सगळं दिसत नाही, म्हणून तर तीन कोपऱ्यातून तीन डोळे ठेवलेत. आमच्या मॅटवर तिसरा माणूसच नव्हता, तो पुढच्या गटाची नावं पुकारत होता. जज गुण पण लिहीत होता, घड्याळ पण बघत होता. मोठ्या स्पर्धेत कोच स्पंजचा ठोकळा मॅटवर टाकून चॅलेंज करतो, व्हिडिओ बघतात, चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण जातो म्हणून कोच पण विचार करून टाकतो. आमच्याकडे ना स्पंज ना कॅमेरा. लेखी हरकत द्यायची सोय कागदावर असते पण ती लिहून होईपर्यंत पुढच्या चार कुस्त्या होऊन गेलेल्या असतात.

म्हणजे विचारायला जागाच ठेवलेली नाही. जागा नसली की माणूस ओरडतो. मी माझी सुटका नाही करत यातून, फक्त सांगतोय.

आणि विचारायला कोणीतरी लागतंच. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक आठवा, ब्राँझ सगळ्यांना माहीत आहे, पण जपानी मल्लाबरोबर दमछाक करणारी कुस्ती झाल्या झाल्या त्यांना सोव्हिएत रशियाच्या मल्लासमोर उभं केलं, मध्ये विश्रांती मिळायला पाहिजे होती, आणि त्यांच्या बाजूने बोलायला आपला अधिकारी तिथे हजर नव्हता. तिथे एक शांत माणूस नियमाचं पुस्तक घेऊन पाहिजे होता. शिव्या देणारा असता तर त्याला बाहेर काढलं असतं आणि कुस्ती तशीच झाली असती.

शिव्या देणाऱ्याचं काय होतं त्याचं पण उदाहरण आहे. टोकियोला, २०२१ मध्ये, दीपक पुनियाची ब्राँझची कुस्ती शेवटच्या सेकंदांत गेली, आणि त्याचा परदेशी कोच रेफरीच्या अंगावर गेला. कोचला ऑलिम्पिकमधून हाकलला. दीपक बिचारा पाचवा आला आणि बातमी कोचची झाली.

आणि आपलं घरचंच घ्या. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी, शिवराज राक्षेला चितपट झाला असं दिलं, तो म्हणत होता खांदे टेकले नाहीत, व्हिडिओ बघा. इथपर्यंत त्याचं बरोबर का चूक हा वेगळा विषय, यावर आमच्या ग्रुपवर तीन दिवस भांडणं झाली आणि दोन जण लेफ्ट झाले. पण मग पंचाला लाथ मारली. तो आणि त्याच स्पर्धेत पंचांशी भांडलेला महेंद्र गायकवाड, दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथ पडल्यावर खांदे टेकले का नाही हा प्रश्न मागेच पडला, सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाईलवर फक्त लाथ. आमच्या तालमीत बारा-तेरा वर्षांची पोरं आठवडाभर त्या लाथेची ॲक्टिंग करत होती, एक पंच व्हायचा आणि एक राक्षे. वस्तादांनी सगळ्यांना दोनशे-दोनशे बैठका मारायला लावल्या तेव्हा बंद झालं.

याच पोरांना मी हर्षवर्धन सदगीरचा व्हिडिओ दाखवला. २०२० चा जानेवारी, बालेवाडी, नाशिकला पहिल्यांदा महाराष्ट्र केसरीची गदा आली ती. समोर लातूरचा शैलेश शेळके, दोघं वस्ताद काका पवारांचेच पठ्ठे, फायनल एकदम काट्याची, आणि जिंकल्यावर हर्षवर्धनने शैलेशला उचलून खांद्यावर घेतला. पोरं म्हणाली भारी आहे. पण लाथेची ॲक्टिंग करतात तशी याची कोणी केली नाही, काय करता.

मला वाटतं निम्मी आरडाओरड नियम माहीत नसल्याने होते. आपण सगळे हगाम्यात वाढलेलो. बारक्या पोरांच्या रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत एकच गोष्ट माहीत, पाठ लागली का नाही. चितपट सगळ्या गावाला दिसतं, नाही दिसलं तर आखाड्यातले म्हातारे पैलवान हात वर करून बरोबरीत सोडवून देतात, दोघांना निम्मं निम्मं इनाम, विषय संपला. मॅटवर तसं नाही. बाहेर ढकललं की एक, ताबा दोन, उचलून पाठीवर टाकला तर चार, दहा गुणांची आघाडी झाली की फ्रीस्टाईल कुस्ती तिथेच बंद, नुसतं हात धरून टाईमपास केला तर तीस सेकंदांचं घड्याळ लागतं आणि त्यात गुण नाही घेतला तर समोरच्याला एक. आमच्या शेजारी बसलेला एक काका दर वेळी ओरडत होता, अरे पडला कुठे, गुण कशाचा देतो. त्याला मातीतलं सगळं कळतं, मॅटचं काही कळत नव्हतं, आणि आवाज सगळ्यात मोठा त्याचाच.

माझा आतेभाऊ अमेरिकेत आहे, त्याचा मुलगा तिथे हायस्कूलला कुस्ती करतो. त्यांचे नियम वेगळेच आहेत, गुण पण वेगळे, बऱ्याचदा पंच पण एकटाच असतो, हातात लाल-हिरव्या पट्ट्या. पण त्याने एक गोष्ट सांगितली ती मला लई आवडली. कोचने टेबलापाशी जाऊन थांबायचं, पंच तिथे येतो. नियम चुकीचा लावला असं वाटलं तर विचारायचा हक्क आहे. पण तुम्हाला नीट दिसलं नाही, हे म्हणायचं नाही. नजरेवर वाद घातला तर आधी ताकीद, परत केलं तर टीमचा गुण कापतात. म्हणजे कोच तोंड सोडतो आणि भोगतो सगळा संघ, मग पोरंच कोचला गप्प बसवतात.

हे आपल्याकडे मनपा लेव्हलला करायला पैसे लागत नाहीत. एक खुर्ची, टेबलाजवळ. त्या खुर्चीशिवाय कुठून आवाज आला तर त्या शाळेचा गुण कमी. आणि पालक गॅलरीत किंवा दोरीच्या मागे, माझ्यासारख्यांना तर हॉलच्या बाहेर उभं करा, खिडकीतून बघू.

पक्षपात होतच नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. शालेय स्पर्धेत पंच म्हणून येतात ते बरेचसे क्रीडाशिक्षकच, आणि त्यांच्याच शाळेची पोरं खेळत असतात. स्वतःच्या शाळेच्या कुस्तीला त्या सरांनी मॅटवर उभं राहूच नये, साधी गोष्ट आहे, पण माणसं कमी म्हणून ती पण पाळली जात नाही. आणि वर खेळाच्या सर्टिफिकेटवर दहावी-बारावीचे ग्रेस मार्क आहेत, पुढे नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून आई-बापाला एकेक गुण सोन्यासारखा वाटतो. मला पण वाटला. पण माणसं कमी का आहेत? कारण दिवसभर उपाशी उभं राहून, पेट्रोल आणि वडापाव सुटेल एवढ्या मानधनात, माझ्यासारख्याच्या शिव्या खायला कोण येईल? तालमीतली विशीतली तीन पोरं मला माहितीयेत ज्यांना खेळ सोडल्यावर पंच व्हायचं होतं, दोघांनी एका सीझननंतर शिट्टी ठेवून दिली. मग राहतात तेच ते चार, आणि आपण म्हणतो तेच ते चार का असतात.

आता शेवटचं. दोन महिन्यांपूर्वी भगूरला एका हगाम्यात ते पंच दिसले, प्रेक्षकात बसलेले, हातात भेळेचा कागद. मी जवळ जाऊन नमस्कार केला, म्हणलं सर मी तो, मागच्या वर्षी, पंचवटीत, ४१ किलो, मॅटवर बूट घालून आलो होतो, चुकलो, माफ करा. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, दादा त्या दिवशी बरेच जण आले होते अंगावर, तुम्ही नेमके कोणते?

मी मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा बघितला. दोन होते, ते म्हणाले. मी या बाजूला होतो ना, याच्या पाठीमागे, हात गेलेला दिसलाच नाही. जज बोलायला पाहिजे होता. मग विचारलं, पोरगं खेळतंय ना? म्हणलं हो, या वर्षी ४४ ला. ते म्हणाले, हा मला पाठवा, आमचं पंचांचं शिबिर आहे पुढच्या महिन्यात, नव्या पोरांना दाखवतो कडेला कुठे उभं राहायचं ते.

घरी येऊन पाठवला. आवाज म्यूट करून.