आमच्या काळचा ऑफसाइड

ज्येष्ठ फुटबॉलप्रेमी म्हणून मिरवायचं असेल तर एक दुखरा गुडघा हाताशी हवा. सामना सुरू होण्याआधी सोफ्यात टेकताना 'आई गं' म्हणून तो नीट चोळावा. खेळताना गेला की जिना उतरताना, हे कुणी विचारत नाही, आणि आपण होऊन सांगण्याइतके भोळे तुम्ही नसालच.

मग 'आमच्या काळी' सुरू करा, पण १९९० च्या आसपास फिरकू नका. त्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी २.२१ गोल झाले, इतके कमी ना आधी ना नंतर. अंतिम सामना पश्चिम जर्मनीने एका पेनल्टीवर जिंकला आणि अर्जेंटिनाच्या दोघांना बाहेर काढावं लागलं. एकूण खेळ काय चालायचा? डिफेंडरने चेंडू मागे गोलकीपरकडे द्यायचा, त्याने तो उचलून छातीशी धरायचा, जरा इकडेतिकडे बघायचं, पुन्हा डिफेंडरकडे सरकवायचा, त्याने पुन्हा मागे. हे इतकं साग्रसंगीत चालायचं की १९९२ मध्ये पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घ्यायला गोलकीपरला बंदीच करावी लागली. असे कित्येक सामने बघता बघता मी गाढ झोपलोय. त्याच झोपेला मी आता सुवर्णकाळ म्हणतो.

नातवासमोर मात्र जपून. 'आमच्या वेळी कुणी उगाच पडत नसे' असं मी एकदा बोलून गेलो. अर्ध्या मिनिटात त्याने त्याच १९९० च्या अंतिम सामन्यातली ती पेनल्टी फोनवर शोधून माझ्या नाकासमोर धरली. "आजोबा, हा काय वाऱ्याने पडला?" मी चष्मा पुसायला घेतला. चष्मा सावकाश पुसला की तोवर विषय बदलतो, हा स्वानुभव.

त्यातल्या त्यात १९८६ बिनधोक. मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तो ट्युनिशियाच्या रेफ्रीला दिसला नाही. तुम्हाला मात्र घरबसल्या, त्याच क्षणी दिसला होता. माझ्या वयाच्या प्रत्येकाला दिसला होता, तुम्ही एकटेच मागे राहू नका. चारच मिनिटांनी त्याने निम्मं मैदान कापत जो दुसरा गोल केला, त्याचा विषय काढू नये. त्यात भांडायला काही नाही.

आता भाषा. सगळे खेळाडू आपल्याच गोलसमोर गर्दी करून उभे राहिले की आम्ही 'घाबरले' म्हणायचो. हल्ली तो 'लो ब्लॉक'. समोर मोकळा गोल असताना एखाद्याने चेंडू आकाशात मारला की आम्ही त्याच्या सात पिढ्या काढायचो, आता म्हणे त्याचा एक्सजी, म्हणजे गोल होण्याची शक्यता सांगणारा आकडा, चांगला होता. असे शब्द कानावर आले तरी चेहरा हलू देऊ नका. कुणी 'फॉल्स नाइन' म्हणालं तर एकच नाव पाठ ठेवा: हिदेगकुटी. पाठीवर पुढच्या फळीचा नऊ नंबर, पण मागे येऊन खेळायचा. १९५३ मध्ये वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने लोळवलं, त्यात तीन गोल याचे. नाव हळूच घ्यावं आणि खिडकीबाहेर बघावं. तेव्हा आपला जन्म झाला होता का, हा हिशेब समोरच्याने करण्याआधी 'हाफटाइम झाला का रे?' असं विचारावं. आणि लाइन्समनला लाइन्समनच म्हणा. १९९६ पासून तो असिस्टंट रेफ्री झालाय, पण त्याने काही तुम्हाला कळवलेलं नाही.

फुटबॉलची भाषा घरातही सढळ वापरावी. सांगितलेलं काम राहिलं की इंज्युरी टाइम मागावा. चूक झालीच तर तो स्वयंगोल, आणि स्वयंगोल नेहमी दुसऱ्याच्या पायाला लागूनच जातो. व्हीएआरला, म्हणजे व्हिडिओ मागे नेऊन निर्णय तपासणाऱ्या रेफ्रीला, शिव्या घालणं हे तर कर्तव्य. तो विश्वचषकात आला २०१८ मध्ये, आमच्या घरी लग्नापासून आहे. पाच वर्षांपूर्वी मी काय बोललो होतो ते ही शब्दाशब्दाने मागे नेऊन दाखवते, आणि तपासणीअंती निर्णय माझ्या बाजूने लागल्याचं मला तरी आठवत नाही.

शेवटचा धडा ऑफसाइडचा. तो समजावून सांगितल्याशिवाय ज्येष्ठत्व पुरं होत नाही, आणि सांगायचा तो जुनाच नियम: चेंडू पुढे दिला जाताना फॉरवर्ड आणि गोल यांच्यामध्ये गोलकीपर धरून समोरच्या संघाचे दोघे हवेत, नाहीतर ऑफसाइड. परवा मी टीपॉयवर रिमोट ठेवला, तो गोलकीपर. त्याच्यापुढे रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, तो शेवटचा डिफेंडर. पट्टीच्या अगदी रेषेत चष्म्याचं घर, तो फॉरवर्ड. अलीकडे बाटलीचं झाकण, तो चेंडू, आता पुढे निघालेला.

"सरळ रेषेत, म्हणजे ऑफसाइड," मी म्हणालो.

"नाही आजोबा. रेषेत असला तर चालतो. १९९० पासून."

पुन्हा १९९०! मी आवाज चढवला, त्याने फोन काढला. तेवढ्यात ही पाण्याचा पेला घेऊन आली, पट्टीतली एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि पट्टी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. जाता जाता टीपॉयकडे एक नजर टाकून म्हणाली, "आता आहे ऑफसाइड."